फेस सर्चचं पान मराठी ऑफिससाठी बदललं: नऊ महिन्यांनंतर

गेल्या पावसाळ्यात आमच्या सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात 'फेस' (Fess) बसवलं. जपानच्या कोडलिब्सचं हे मुक्त स्रोत एंटरप्राइझ सर्च, म्हणजे ऑफिसच्या आतल्या फाइलींत शोधणारं सॉफ्टवेअर. शेअर्ड ड्राइव्ह, अंतर्गत वेबसाइट, वर्ड, पीडीएफ असं सगळं क्रॉल करतं, म्हणजे फिरून वाचून काढतं, आणि त्याची सूची (इंडेक्स) ओपनसर्च नावाच्या शोध-इंजिनात ठेवतं. लायसन्सचे पैसे नाहीत म्हटल्यावर मंजुरीला वेळ लागला नाही. इथे लिहितोय ते फक्त त्याचं पान बदलण्याबद्दल, कारण माझे दिवस त्यातच गेले.

अ‍ॅडमिनमध्ये 'पेज डिझाइन' आहे. हेडर, फूटर, निकालांचं पान, 'काही सापडलं नाही'चं पान अशा प्रत्येकाची जेएसपी फाइल, म्हणजे त्या पानाचा साचा, तिथेच ब्राउझरमध्ये उघडते. बदला, सेव्ह करा, झालं. लोगो, रंग आणि तळाची ओळ मी जेवणाच्या सुट्टीआधी उरकली. हिरव्याच्या छटेवर बैठकीत पाऊण तास गेला, तो वेगळा.

खरी कटकट अक्षरांची निघाली. मुळातल्या सीएसएसमध्ये (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या फाइलीत) ओळी आमच्या पीसींवर इतक्या जवळ येत होत्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला चिकटायचा. ऑफिसच्या नेटवर्कला इंटरनेट नाही, म्हणून वेबवरचा फॉन्ट चालणार नव्हता. 'मुक्ता' हा फॉन्ट सर्व्हरवरच ठेवला आणि ओळीची उंची १.७ केली. सापडलेला शब्द ठळक दिसायचा, त्याऐवजी फिकट पिवळी पट्टी दिली. जोडाक्षरं ठळक केली की जुन्या मॉनिटरवर नुसता काळा ठिपका दिसतो.

मग निकालाची ओळ. फेस शीर्षक म्हणून फाइलमधलं टायटल उचलतं. आमच्याकडे दहा वर्षं एकाच जुन्या परिपत्रकावर 'सेव्ह अ‍ॅज' करून नवी परिपत्रकं निघालीत, त्यामुळे पन्नास निकालांना एकच शीर्षक! रेकॉर्डचे मामा पहिल्याच दिवशी म्हणाले, "साहेब, हे सगळं एकच कागद दाखवतंय की." निकालांच्या जेएसपीत शीर्षकाच्या जागी फाइलचं नाव आणलं, कारण परिपत्रकाचा क्रमांक आणि वर्ष नावातच असतं. खाली फोल्डर आणि तारीख. या एका बदलानंतर माझ्याकडे येणारे फोन निम्म्याने तरी कमी झाले असतील.

शोधाच्या चौकटीवर थोडं जावास्क्रिप्ट टाकलं, त्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे. कोणी ४७ लिहितं, कोणी इंग्रजी अंकांत 47. 'शेतकऱ्यांना'मधला ऱ्य तर दोन पद्धतींनी टाइप होतो: काही कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं, काहींवर साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच, मशीनला वेगळे. कर्जमाफीचे अर्धे कागद त्यामुळेच सापडत नव्हते आणि मी आठवडाभर क्रॉलरला दोष देत बसलो होतो. आता शोध पाठवण्याआधी दोन्ही रूपं 'ऑर' लावून जातात. वापरणाऱ्याला यातलं काही कळत नाही.

जुन्या फॉन्टमधल्या फाइलींवर मात्र उपाय नाही. युनिकोड येण्याआधीची परिपत्रकं उघडली की निकालात डॉलरची चिन्हं आणि रोमन अक्षरांची खिचडी दिसते. त्या फोल्डरला वेगळं लेबल दिलं आणि त्याच्या निकालांत मजकुराचा तुकडा लपवून 'जुन्या फॉन्टमधली फाइल, क्रमांकाने शोधा' एवढंच लिहिलं. 'काही सापडलं नाही'च्या पानावरही तीच सूचना, सोबत रेकॉर्ड रूमचा एक्स्टेंशन नंबर. मामांना आधी आवडलं नव्हतं, आता म्हणतात, "निदान लोक क्रमांक हातात घेऊन फोन करतात."

बाजूचे तारीख, फाइलप्रकार वगैरे फिल्टर काढून टाकले. महिनाभर कोणी हात लावला नव्हता. ठेवली ती फक्त लेबलं: परिपत्रक, ठराव, रिझर्व्ह बँक, निबंधक. 'की मॅच' मात्र जरूर वापरा, म्हणजे ठरावीक शब्दाला ठरावीक कागद वर आणण्याची सोय. 'केवायसी' टाकलं की रिझर्व्ह बँकेचे त्यावरचे सध्या लागू असलेले निर्देश सगळ्यात वर आले पाहिजेत, आणि ते कोडला हात न लावता जमतं.

आता माझा गाढवपणा. फेस डॉकरमध्ये चालतं, म्हणजे 'कंटेनर' नावाच्या बंद डब्यात, जो नव्या आवृत्तीसोबत पूर्ण बदलतो, आणि मी सगळे बदल चालत्या कंटेनरमध्येच केले होते. चौथ्या महिन्यात नवी आवृत्ती घेताना कंटेनर नवा आला आणि सोमवारी सकाळी बँकेला मूळचं पान, मूळचा लोगो, जुन्याच चिकटलेल्या ओळी. दोन दिवस आठवून आठवून पुन्हा लिहिलं. आता जेएसपी आणि सीएसएस गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) आहेत आणि कंटेनरला बाहेरून जोडल्या (माउंट) जातात. तरी आवृत्ती बदलली की मूळच्या जेएसपीही बदलतात. नवी आणि आपली शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवायला माझी एक दुपार जाते. दर वेळी वाटतं, इतक्या फाइलींना हात लावायलाच नको होता. सध्या माझ्या पाच फाइली आहेत, त्यातली तळाच्या ओळीची पुढच्या वेळी सोडून देणार.

छपाईचं राहिलंय. संचालक मंडळाच्या सभेआधी मॅडम निकालांची यादीच छापून मागतात आणि कागदावर शोधाची चौकट, लेबलं, सगळं उतरतं. तूर्त त्या यादी वर्डमध्ये चिकटवून घेतात.