मोलिब्डेनमवाला स्पंज निकेल: सॉर्बिटॉलच्या बॅचसाठी घ्यावा का?

डेक्स्ट्रोजला, म्हणजे ग्लुकोजला, हायड्रोजन जोडून सॉर्बिटॉल हा गोड पदार्थ काढायचा असेल आणि प्लांट बॅचचा असेल, तर उत्प्रेरक म्हणून मोलिब्डेनम घातलेला स्पंज निकेल घ्यावा. आमचं मत स्पष्ट आहे. अट एकच, सिरप, म्हणजे डेक्स्ट्रोजचं द्रावण, स्वच्छ हवं. या मालाविषयीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ ड्रममध्ये नसतं, सिरपच्या टाकीत असतं.

मरे रेनी यांनी १९२०च्या दशकात शोधलेली पद्धत आजही तीच आहे. निकेल आणि ॲल्युमिनियम साधारण निम्मं-निम्मं वितळवून मिश्रधातू करायचा, तो दळायचा आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात टाकून ॲल्युमिनियम विरघळवायचं. मागे उरतं ते सच्छिद्र निकेल. एका ग्रॅममागे त्याचं पृष्ठफळ १०० चौरस मीटरच्या घरात जातं. मोलिब्डेनम किंवा क्रोमियममुळे अभिक्रियेचा वेग चांगलाच वाढतो. लोखंड घातलेला माल सुरुवातीला जोरात चालतो, पण लोखंड लवकर धुपून जातं; तो टाळावा.

माल पाण्याखाली येतो. ड्रमचं झाकण श्वास घेणारं असावं, कारण आतून हायड्रोजन हळूहळू सुटत राहतो. कोरडा पडला की हा माल हवेत आपोआप पेटतो. त्यामुळे फिल्टरवरचा केक, फडकं, जमिनीवरचा शिंतोडा, सगळं ओलं असतानाच पाण्याने धुऊन काढायचं.

सगळ्यात जास्त चुका वजनात होतात. ओली स्लरी (पाण्यात मिसळलेला माल) काट्यावर ठेवून 'इतके किलो टाकले' म्हणण्यात अर्थ नाही, पाणी किती गेलं हे कळत नाही. सोपा उपाय असा: ५ लिटरचा स्टीलचा डबा काठोकाठ पाण्याने भरून तोला. मग त्यात स्लरी घालून, माल बसू देऊन, पुन्हा काठोकाठ पाणी भरून तोला. दोन्ही वजनांतला फरक १.१७ने गुणा. फरक ३ किलो आला तर कोरडा माल साडेतीन किलो. या निकेलची घनता पाण्याच्या सुमारे ७ पट असते, म्हणून हा आकडा.

१,००० किलो डेक्स्ट्रोजच्या ५० टक्के द्रावणाला पहिल्या भरणीत कोरड्या हिशोबाने ४० किलो माल पुरतो. हायड्रोजन हिशोबाने ११ किलोंच्या थोडा वर लागतो. तापमान १३० ते १४० अंश, प्रेशर दर चौरस सेंटिमीटरला ५० किलो, वेळ दोन ते तीन तास. अभिक्रिया उष्णता सोडते, तेव्हा कूलिंग कॉइलचं पाणी आधी तपासा. १५० अंशांपुढे रंग चढतो आणि नको ते पदार्थ वाढतात. ढवळणी मात्र दमदार हवी. माल जड असल्याने तळाशी बसतो, आणि हायड्रोजन द्रावणात नीट मिसळला नाही तर कितीही माल ओतला तरी वेग वाढत नाही. बॅच झाल्यावर अर्धा तास बसू द्या, वरचं गरम सॉर्बिटॉल डिप पाइपने (वरून आत सोडलेल्या नळीने) काढा आणि तळाचा माल पुढच्या बॅचसाठी तिथेच ठेवा. वेळ लांबू लागली की थोडा ताजा माल घाला.

आता बिघडतं कुठे ते पाहू. डेक्स्ट्रोज मक्याच्या स्टार्चपासून येतं आणि मका भिजवताना सल्फर डायऑक्साइड वापरतात. त्याचा अंश सिरपमध्ये उरला तर गंधक निकेलवर घट्ट बसतं आणि उतरत नाही. दोनच बॅचनंतर वेळ दुप्पट झाली तर आधी सिरप शुद्ध करणारे कार्बन आणि आयन एक्स्चेंजचे कॉलम बघा, पुरवठादाराला फोन नंतर. दुसरा शत्रू पीएच. आम्लाकडे झुकलं तर निकेल विरघळतं; अल्काकडे गेलं तर ग्लुकोजचं फ्रुक्टोज होतं आणि त्यातून मॅनिटॉल हा सॉर्बिटॉलचा नको असलेला भाऊबंद येतो, शिवाय ग्लुकोनिक आम्ल तयार होऊन तेच पुन्हा निकेल खातं. सौम्य आम्ल ते उदासीन एवढ्या पट्ट्यातच राहा.

तपासणी रोजची ठेवा. फेलिंगच्या द्रावणात नमुना तापवून विटकरी साका दिसला तर साखर शिल्लक आहे. निकेलसाठी नमुन्यात अमोनिया घालून डायमिथाइलग्लायऑक्झिमचे थेंब टाका; गुलाबी-लाल छटा आली की निकेल उतरलंय. औषधी ग्रेडला निकेलची मर्यादा १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) आहे, म्हणून शेवटी निकेल पकडणारा कॅटायन कॉलम लागतोच. हाच या मालाचा खरा उणेपणा.

हा उणेपणा नको असेल तर कार्बनवरचं ५ टक्के रुथेनियम हा दुसरा उत्प्रेरक आहे. ते विरघळत नाही, कमी तापमानाला चालतं, अखंड चालणाऱ्या स्थिर थराच्या रिॲक्टरला तेच शोभतं. पण किंमत फार, आणि बॅचमध्ये फिल्टरमधून निसटणारी प्रत्येक चिमूट खिशाला लागते. द्रावण त्यावर जास्त वेळ राहिलं तर सॉर्बिटॉलचंच मॅनिटॉल होऊ लागतं. लहान बॅच प्लांटने त्याच्या मागे लागू नये.

थकलेला निकेल फेकू नका. २०१६च्या घातक कचरा नियमांत वापरलेला उत्प्रेरक येतो. परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्या आणि तोही पाण्याखाली, श्वास घेणाऱ्या झाकणाच्या ड्रममधून. त्यातल्या निकेलचे पैसे मिळतात, तेव्हा नव्या मालाची ऑर्डर देतानाच परतीचा भाव लिहून घ्या.