शीलफील्ड पार्क, बेरिक : मैदान इंग्लंडात, लीग स्कॉटलंडची

आमच्या घरात फुटबॉल पाहायचा म्हणजे निपाणीहून कोगनोळीचा नाका ओलांडून कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर जायचे, आणि पाटाकडील, दिलबहार किंवा खंडोबा यांपैकी एखादा संघ आपलाच मानून घसा बसेपर्यंत ओरडायचे, अशी वडिलांपासूनची रीत आहे. जिल्हा एका राज्यातला आणि संघ दुसऱ्या राज्यातला, यात आम्हाला कधी काही वावगे वाटले नाही. त्यामुळे एडिनबरोत शिकणारा भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, इथे एक क्लब असा आहे, जो इंग्लंडात राहतो आणि स्कॉटलंडच्या लीगमध्ये खेळतो," तेव्हा ग्लासगोच्या मोठमोठ्या मैदानांचा बेत बाजूला ठेवून मी बेरिकचे नाव पक्के केले. नवनवी मैदाने पाहत हिंडण्याच्या छंदाला तिकडे ग्राउंडहॉपिंग म्हणतात. पायी चालणे आणि भिजणे त्यात ओघानेच येत असल्यामुळे मी त्याला मैदानांची वारी म्हणतो.

बेरिक-अपॉन-ट्वीड हे ट्वीड नदीच्या मुखावरचे छोटे शहर सरहद्दीपासून चार-पाच किलोमीटर दक्षिणेला, म्हणजे इंग्लंडच्या नॉर्थम्बरलँड परगण्यात आहे. मध्ययुगात ते दोन्ही राज्यांत तेरा वेळा इकडून तिकडे गेले असे सांगतात. 1482 पासून मात्र ते इंग्लंडकडेच आहे. एडिनबरो आणि न्यूकॅसल यांच्या साधारण मध्यावर असलेल्या या गावाच्या फुटबॉल क्लबने, बेरिक रेंजर्सने, आपले नाते उत्तरेशी जोडले आणि 1951 मध्ये तो स्कॉटिश लीगमध्ये दाखल झाला. 2019 मध्ये कोव्ह रेंजर्सविरुद्ध लीगमधली जागा टिकवण्यासाठीच्या दोन सामन्यांत मिळून सात गोल स्वीकारल्यावर त्याला व्यावसायिक लीगच्या चार श्रेणींतून बाहेर पडावे लागले आणि तेव्हापासून तो पाचव्या पायरीवरच्या लोलँड लीगमध्ये खेळतो. दर्जा उतरला, पण दिशा बदलली नाही : परगावच्या सामन्यासाठी संघाची बस आजही सरहद्द ओलांडून उत्तरेलाच जाते.

एडिनबरोहून रेल्वेने पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो, आणि जाताना डावीकडची खिडकी धरावी, कारण शेवटच्या टप्प्यात रूळ समुद्राच्या कड्यालगत धावतात आणि सरहद्दीची पाटीही त्याच भागात रुळांशेजारी दिसते. बेरिकचे स्थानक जुन्या किल्ल्याच्या जागेवर बांधलेले असून तिथून मैदान चालत अर्ध्या तासावर आहे. वाटेत सतराव्या शतकातला पंधरा कमानींचा दगडी पूल लागतो, आणि त्यावरून रॉबर्ट स्टीफन्सनने बांधलेला, 1850 मध्ये खुला झालेला अठ्ठावीस कमानींचा रेल्वे पूल दिसतो. त्याचे नाव रॉयल बॉर्डर ब्रिज, पण तो सरहद्द ओलांडतच नाही. सरहद्द त्याच्या उत्तरेला काही मैलांवर राहते. (नावावरून हद्द ठरवू नये, हे बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.) मैदान नदीच्या दक्षिण काठावर ट्वीडमथला आहे, म्हणजे स्कॉटलंडची लीग खेळणारा हा क्लब शहरापेक्षाही थोडा अधिक इंग्लंडात आहे.

शीलफील्ड पार्कचे पहिले दर्शन काहीसे गोंधळात टाकते. गवताभोवती मोटारसायकलींच्या शर्यतीचा अंडाकृती मार्ग आहे, कारण 1968 पासून, मधला खंड सोडला तर, बेरिक बँडिट्स हा स्पीडवेचा संघही हेच मैदान वापरतो. परिणामी मुख्य स्टँडमधील आसन आणि बाजूची रेषा यांत एवढे अंतर पडते की खेळाडूंचे चेहरे ओळखू येत नाहीत. शाहू स्टेडियमवर आपण थेट गोलरक्षकाशी हुज्जत घालतो. तो आनंद इथे मिळत नाही. म्हणून माझी शिफारस अशी की आसनाचा मोह सोडून समोरच्या बाजूच्या छपराखाली, उभे राहून पाहण्याच्या पायऱ्यांवर जावे. या भागाला डकेट, म्हणजे कबुतरखाना, म्हणतात आणि क्लबचे जुने लोक तिथेच घुमत असतात. समुद्रावरून येणारा वारा अडवण्याचे कामही ते छप्पर बऱ्यापैकी करते. मी पूर्वार्ध स्टँडमध्ये आणि उत्तरार्ध डकेटमध्ये काढला. सामना पाहिला असे म्हणता येईल ते उत्तरार्धातच.

डकेटमध्ये शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मी कुठला, कोणाचा पाठीराखा, अशी चौकशी केली. निपाणी, कर्नाटक, महाराष्ट्र, कोल्हापूर हा सारा पसारा मी नीट समजावून सांगण्याच्या तयारीत होतो, पण त्यांनी मध्येच थांबवून एवढेच विचारले, "सामन्याला किती लांब जाता?" मी सुमारे चाळीस किलोमीटर म्हणालो. "मग जवळच आहे की," असे म्हणून ते पुन्हा खेळाकडे वळले. सरहद्दीबद्दल त्यांना काहीच विचारावेसे वाटले नाही, याचे मला आधी आश्चर्य वाटले आणि नंतर स्वतःच्या आश्चर्याची थोडी गंमत वाटली. मध्यंतरात मात्र ते आपणहून 1967 वर आले. त्या वर्षी 28 जानेवारीला, स्कॉटिश चषक आदल्या वर्षी जिंकलेला ग्लासगोचा रेंजर्स संघ याच मैदानावर सॅमी रीडच्या एकमेव गोलने हरला. त्या दिवशी इथे तेरा हजारांहून अधिक प्रेक्षक होते. बेरिकची वस्तीही साधारण तेवढीच. बेरिकचा गोलरक्षक आणि प्रशिक्षक ही दोन्ही कामे करणारा जॉक वॉलेस पुढे त्याच ग्लासगो रेंजर्सचा प्रशिक्षक झाला आणि 1976 व 1978 मध्ये त्याने त्या संघाला प्रत्येकी तीन करंडक मिळवून दिले. उलट पराभूत संघातील फॉरेस्ट आणि मॅक्लीन हे दोन आघाडीपटू रेंजर्सच्या पहिल्या संघातून पुन्हा कधी खेळले नाहीत.

खेळाविषयी अपेक्षा माफक ठेवाव्यात. चेंडू उंच आणि लांब मारण्याकडे कल, वाऱ्यामुळे त्यातले निम्मे फटके भलतीकडे, आणि धसमुसळेपणा भरपूर. अंगमेहनतीत हे खेळाडू कोल्हापूरच्या पेठांतील मुलांपेक्षा निःसंशय सरस आहेत. चेंडूवरच्या हुकमतीत तसे म्हणायला मी तयार नाही. हलगी नाही, गुलाल नाही, पोलिसांचा बंदोबस्त नाही; प्रेक्षक काही शेकडा. त्या शांततेत खेळाडू एकमेकांना देत असलेल्या शिव्या स्पष्ट ऐकू येतात. सामना बरोबरीत सुटला आणि कोणाला त्याचे फारसे दुःख झालेले दिसले नाही.

खाण्याच्या बाबतीत एक सूचना आवश्यक आहे. स्कॉटिश मैदानांवर खिम्याने भरलेला गोल ‘पाय’ (मैद्याच्या आवरणाचा, भट्टीत भाजलेला पदार्थ) आणि बॉव्हरिल नावाचे गरम पेय यांची प्रथा आहे. बॉव्हरिल दिसायला काळ्या चहासारखे असले तरी ते गोमांसाच्या अर्काचे असते, आणि पायमधला खिमा मटणाचा की गोमांसाचा हेही विचारूनच घ्यावे. भाच्याने चहा घेतला, मी बॅगेतल्या दशम्या काढल्या, आणि शेजारच्या वृद्धांनी चटणीसकट एक दशमी खाऊन दुसरी मागितली.

मुक्काम मात्र बेरिकला करू नये, असे माझे मत झाले. आम्ही उतरलो त्या छोट्या निवासगृहात रात्रभर गरम पाणी नव्हते. शेवटची गाडी पाहून ठेवावी आणि रात्री एडिनबरो गाठावे. सामना तीनला सुरू होऊन पाचच्या सुमारास संपत असल्यामुळे जुन्या पुलावरून रमतगमत परतूनही गाडी सहज मिळते.