म्युनिकमधल्या खोलीसाठी पैसे पाठवण्याआधी हे वाचा

ज्यांची मुलं येत्या ऑक्टोबरला जर्मनीत शिकायला निघाली आहेत, त्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. मुलांनीही जरूर वाचावं. आमची मुलगी आता तिथे रुळली आहे, पण आम्हाला ज्या रीतीने लुबाडलं ती रीत अजून जशीच्या तशी चालू आहे. तिच्यानंतर गेलेल्या पोरांकडून तेच ऐकते, फक्त घराचा पत्ता बदललेला असतो.

तिला म्युनिकला मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला. तिथली विद्यार्थी वसतिगृहं मुख्यतः स्टुडिरेंडेनवेर्क ही संस्था चालवते. भाडं परवडतं, म्हणूनच प्रतीक्षायादी कित्येक सेमिस्टरची. बाहेर साध्या एका खोलीला सातशे-आठशे युरो. त्यात सप्टेंबरच्या उत्तरार्धात ऑक्टोबरफेस्ट हा बिअरचा मोठा उत्सव सुरू होतो, म्हणजे आपली मुलं उतरतात नेमकी तेव्हाच शहरातली हॉटेलं आणि हॉस्टेलं अव्वाच्या सव्वा महाग. व्हिसा हातात पडेपर्यंत ऑगस्ट उलटतो. जाऊन खोली बघता येत नाही आणि डोक्यावर छप्पर तर हवं असतं. ही कोंडी ठगांना पुरेपूर माहीत आहे, त्यांचा सगळा धंदा तिच्यावरच चालतो.

जाहिरात श्वाबिंग भागातली होती, विद्यापीठाजवळ. फर्निचरसकट खोली, वीज-पाणी-हीटिंग धरून ४४० युरो, तीन महिन्यांसाठी. मालकीण डॉक्टर, नोकरीसाठी लंडनला गेलेली, म्हणून घर रिकामं. तिची पत्रं इतकी सभ्य होती की सांगता सोय नाही. मुलगी कोणता विषय शिकणार, तिला स्वयंपाक येतो का, थंडीचे कपडे घेतलेत का, अशी आपुलकीने विचारपूस. मग जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांतला भाडेकरार आला, सोबत तिच्या पासपोर्टची प्रत. आमच्या मुलीच्या पासपोर्टची प्रतही मागून घेतली.

खरी मेख पुढे होती. मी लंडनला असल्यामुळे चावी एका नामांकित बुकिंग कंपनीमार्फत मिळेल, असं तिने कळवलं. तुम्ही पैसे कंपनीकडे भरा, मुलीने खोली बघून होकार दिला की मगच ते मला मिळतील, नाही आवडली तर परत. लिंक उघडली तर पान हुबेहूब त्या कंपनीचं. विश्वास बसावा म्हणूनच ही व्यवस्था रचलेली असते. पान बनावट होतं आणि त्यावर दिलेलं खातं स्पेनमधलं होतं. युरोपातल्या खाते क्रमांकाची, म्हणजे आयबॅनची, पहिली दोन अक्षरं देश सांगतात: जर्मनीचं डी-ई, स्पेनचं ई-एस. घर म्युनिकला, मालकीण लंडनला आणि खातं स्पेनमध्ये, एवढी विसंगती दिसली की तिथेच थांबावं.

दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं मिळून १,३२० युरो, म्हणजे सव्वा लाखाच्या वर रुपये. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरलेले होते, पण तो पैसा मुलगी तिथे पोहोचल्यावर दरमहा ९९२ असा सुटतो, आधी हात लावता येत नाही. त्यामुळे डिपॉझिट घरच्या बचतीतून गेलं. बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवण्याचा ए-टू फॉर्म भरून रीतसर पाठवलं. लगेच मागणी आली की चावीच्या विम्यासाठी आणखी ३०० युरो भरा, तेही परत मिळतील. आम्ही नकार दिला. त्यानंतर उत्तरं थांबली आणि ते पानही गायब झालं.

मुलगी त्या पत्त्यावर गेली. इमारत खरी होती. जर्मनीत बहुतेक घरांना फ्लॅट नंबर नसतो, खालच्या दारावरच्या बेलपाशी आडनावं असतात. आमच्या करारात मात्र ‘फ्लॅट १२’ लिहिलेलं. करारातलं आडनाव एकाही बेलवर नव्हतं. तळमजल्यावरच्या आजींनी सांगितलं, अशा बॅगा घेऊन याआधीही मुलं येऊन गेली आहेत. परक्या शहरात माझी लेक त्या दारात उभी होती आणि मी इथे नाशिकला फोन धरून बसले होते. ज्यांनी हे केलं त्यांना मी कधीच माफ करणार नाही.

ओळखीतून एका मराठी कुटुंबाने तिला ठेवून घेतलं. त्यांचे उपकार फिटणार नाहीत. पुढे इंटर्नशिपला बाहेरगावी गेलेल्या एका विद्यार्थिनीची खोली सबलेटवर मिळाली, स्वतः जाऊन, बघून.

म्हणून कळकळीने सांगते, आपलं किंवा ओळखीचं कुणीतरी त्या खोलीत उभं राहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. म्युनिकमध्ये मराठी माणसं भरपूर आहेत, विद्यापीठात सीनियर आहेत. तासाभराचं काम असतं, लोक करतात. तेही जमलं नाही तर पहिले काही आठवडे महागडं का होईना, पण खात्रीचं हॉस्टेल घ्या आणि तिथून शोधा. ते बुकिंगही व्हिसाची वाट न बघता, रद्द करता येईल असं, जूनमध्येच करून ठेवा. जर्मन कायद्यानुसार डिपॉझिट मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि भाडेकरूला ते तीन हप्त्यांत देण्याचा हक्क आहे. सगळं आधी, एकरकमी, चावीच्या बदल्यात मागणाऱ्यापासून लांब राहा.

आणखी एक प्रश्न सुरुवातीलाच विचारा: आनमेल्डुंग करता येईल का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. त्याशिवाय रेसिडेन्स परमिटपासून पुढची सगळी कामं अडतात. खरा मालक याचं सरळ उत्तर देतो. आमची ‘डॉक्टरीणबाई’ दर वेळी विषय बदलायची.

पैसे गेलेच असतील तर त्याच तासाला बँकेला रिकॉल संदेश, म्हणजे पैसे परत मागणारा संदेश, पाठवायला सांगा आणि १९३० या आपल्याकडच्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आमच्या बाबतीत स्पेनच्या बँकेने खातेदाराच्या संमतीशिवाय रक्कम परत करता येत नाही असं कळवलं. पैसे मिळाले नाहीत. तरीही म्युनिकच्या पोलिसांत तक्रार दिली आणि तिच्यात मुलीच्या पासपोर्टची प्रत चोरांकडे असल्याचं मुद्दाम लिहून घेतलं. आम्हाला आलेला तो पासपोर्ट आधीच्या एखाद्या फसवल्या गेलेल्या मुलीचाच असणार, असं तिथल्या अधिकाऱ्याचं म्हणणं पडलं. उद्या माझ्या मुलीचं नाव आणि फोटो दाखवून दुसऱ्या कुणाला गंडवलं गेलं, तर ती तक्रारच तिच्या बाजूने उभी राहील. प्रत पाठवावीच लागली तर तिच्यावर तारीख आणि ‘फक्त अमुक खोलीच्या भाडेकरारासाठी’ असं आडवं लिहून मगच पाठवा.