‘छोट्या कॅबिनेटमध्ये गरम होणारच’ म्हणून खपवलेला माल

कुडाळजवळच्या एका गावातल्या मुलाने दहा लिटरच्या कॅबिनेटमध्ये मावणारा गेमिंग पीसी जोडायला घेतला. यादी उत्तम होती: रायझन ७ ७८००एक्स३डी, मिनी-आयटीएक्स बी६५० मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर५-६००० रॅम, २ टीबी एनव्हीएमई ड्राइव्ह, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, ७५० वॉटचा एसएफएक्स (छोट्या आकाराचा) एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, आणि पीसीआयई ४.० रायझर, म्हणजे कार्ड मदरबोर्डला जोडणारी केबल. वडील एवढंच म्हणाले, “एवढ्याशा डब्याक दीड लाख?”

प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एनव्हीएमई नवे, बिलासकट घेतलेले. त्यांत काही गडबड नाही. फसला तो कार्ड, एसएमपीएस आणि रायझर या तिघांत. तिन्ही एकाच ऑनलाइन विक्रेत्याकडून, ‘ओपन बॉक्स, तीन महिने वापरलेलं, बिल आहे’ असं सांगून आलेले, बाजारभावापेक्षा सगळे मिळून १४ हजारांनी स्वस्त. एसएफएक्स एसएमपीएस आणि रायझर आपल्याकडच्या दुकानांत सहसा तयार नसतात, मागवावे लागतात. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं.

पहिली चलाखी माल पाठवायच्या क्रमात होती. कार्ड आधी आलं आणि ‘सात दिवस टेस्टिंग वॉरंटी’ त्याच दिवशी सुरू झाली. एसएमपीएस आला अकराव्या दिवशी. तो नसताना कार्ड तपासणार कशावर? माल आला तोही मुंबईहून सुटणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. पावती नाही, वजनाची नोंद नाही, हातात फक्त ड्रायव्हरचा मोबाइल नंबर.

खरं तर थांबायची गरज नव्हती. मदरबोर्डचा २४-पिन आणि प्रोसेसरचा ८-पिन कनेक्टर एटीएक्स (नेहमीचा मोठा आकार) आणि एसएफएक्समध्ये सारखाच असतो. गावातल्या दुरुस्तीवाल्याकडचा चांगल्या कंपनीचा साधा ६५० वॉटचा एटीएक्स एसएमपीएस एका संध्याकाळपुरता आणून टेबलावरच सगळं तपासता येतं. ७८००एक्स३डीमध्ये स्वतःचं छोटं ग्राफिक्स आहे, त्यामुळे एचडीएमआय मदरबोर्डला लावली की कार्डाशिवायही चित्र दिसतं. पहिल्यांदा चालू करताना रॅम ट्रेनिंगमुळे (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्यामुळे) पडदा काही मिनिटं काळाच राहतो, तेव्हा घाईने बंद करू नका. एक मात्र कटाक्षाने पाळा: एका एसएमपीएसच्या सुट्या केबल दुसऱ्याला लावायच्या नाहीत. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि चुकीची केबल बोर्ड किंवा ड्राइव्ह जाळते. जुना एसएमपीएस स्वतःच्या केबलशिवाय विकत असतील, तर तो फुकटातही नको.

पीसी जोडून झाल्यावर तीन दुखणी दिसली. गेममध्ये पंधरा-वीस मिनिटांनी पडद्यावर रंगीत चौकोन यायचे. अधूनमधून निळा पडदाही न येता मशीन थेट रीस्टार्ट व्हायचं. कधी सुरू करताना चित्रच यायचं नाही. विक्रेत्याची तीन उत्तरं अशी होती: “भाऊ, दहा लिटरचं कॅबिनेट आहे, गरम होणारच.” “तुमच्याकडे लाईटचा प्रॉब्लेम आहे.” “कोकणातली खारी हवा, आम्ही काय करणार?”

ही उत्तरं पचतात, कारण तिन्ही गोष्टी इथे खऱ्या आहेत. छोटं कॅबिनेट गरम होतंच, पावसाळ्यात लाईट खेळ करतेच, खारी हवा धातू खातेच. म्हणून प्रत्येक सबब वेगळी काढून तपासावी लागते.

आधी उष्णता. कार्ड कॅबिनेटमधून काढून टेबलावर उघड्या बोर्डाच्या स्लॉटमध्ये थेट बसवलं, रायझर बाजूला ठेवला, समोर टेबलफॅन लावला आणि ओसीसीटी या तपासणीच्या सॉफ्टवेअरमधली व्हीरॅम (कार्डाच्या मेमरीची) चाचणी चालवली. मेमरीचं तापमान ७० अंशांच्या घरात असतानाच एरर मोजणारा आकडा पळू लागला. म्हणजे कॅबिनेटचा काही संबंध नाही, मेमरीच आजारी. मग टॉर्चचा उजेड कडेने आत मारून पाहिलं: एका मेमरी चिपच्या भोवती तपकिरी, चकाकणारा सुकलेला फ्लक्स (सोल्डरिंग करताना लावतात तो चिकट पदार्थ), आणि कूलरच्या चारपैकी दोन स्क्रूंचे माथे झिजलेले. कार्ड उघडून चिप बदललेली होती. कार्डावरचा सिरियल नंबर आणि खोक्यावरचा नंबर शेवटच्या चार आकड्यांत जुळत नव्हते, त्यामुळे कंपनीच्या वॉरंटीची आशाही संपली. पैसे देण्याआधी दोन्ही नंबर एकाच फोटोत मागा. वेगवेगळे फोटो चालणार नाहीत.

दुसरी सबब लाईटची. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ (मशीन नीट बंद न होता अचानक बंद पडल्याची) ही नोंद प्रत्येक वेळी गेम चालू असतानाच होती, रात्रभर डाउनलोड चालू असताना एकदाही नाही. लाईटच खेळत असती तर तिने वेळ पाहिली नसती, आणि त्याच क्षणी घरातला पंखा-ट्यूबही दचकली असती. एसएमपीएस काढून त्याचं लेबल वाचलं. वर मोठ्या अक्षरांत ७५० वॉट. खाली तक्त्यात, +१२ व्होल्टच्या रकान्यात, ३२ अँपिअर.

इथेच सगळा हिशोब आहे. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जेवतात. १२ गुणिले ३२ म्हणजे ३८४ वॉट. खऱ्या ७५० वॉटच्या एसएमपीएसवर याच रकान्यात ६२ अँपिअरच्या आसपास आकडा असतो. आरटीएक्स ४०७० चं ठरलेलं पॉवर २०० वॉट, ७८००एक्स३डी पूर्ण ताणावर १६२ वॉटपर्यंत जाऊ शकतो, त्यावर पंखे, रॅम, ड्राइव्ह, आणि कार्ड क्षणभर उसळी घेतं ते वेगळंच. डेस्कटॉपवर सगळं गोड चालणार आणि गेममध्ये मशीन बसणार, हे ठरलेलंच. ‘८० प्लस गोल्ड’चा, म्हणजे वीज कमी वाया घालवण्याच्या दर्जाचा, शिक्का तर कुणीही छापतं. मॉडेलचं नाव हा दर्जा देणाऱ्या क्लिअरेझल्ट या संस्थेच्या ८० प्लस यादीत शोधा, नाव नसेल तर शिक्का खोटा. माप घ्यायलाही विसरू नका: एसएफएक्स १२५ × ६३.५ × १०० मिलिमीटर असतो. १३० मिलिमीटर लांबी भरली तर तो एसएफएक्स-एल. छोट्या कॅबिनेटमध्ये ते ३० मिलिमीटर केबल वळवायची जागा खातात.

रायझरचं दुखणं साधं निघालं. ३.० ची केबल ४.० म्हणून दिलेली होती. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) स्लॉट जेन३ वर, म्हणजे ३.० च्या वेगावर, ठेवताच चित्र येऊ लागलं, विंडोजमधल्या डब्ल्यूएचईए-लॉगर १७ च्या (हार्डवेअर एररच्या) नोंदीही थांबल्या. या कार्डाला त्याने फारसा फरक पडत नाही, पण पैसे ४.० चे घेतले होते. तपासताना जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमधली बस इंटरफेसची (कार्ड कोणत्या वेगाने जोडलंय ते सांगणारी) ओळ कार्डावर ताण असतानाच वाचा. रिकामं असताना कार्ड स्वतःच वेग उतरवतं.

आणि खारी हवा? किनाऱ्यावर पत्रा-तांबं खराब व्हायला महिने लागतात, काही दिवसांत कार्ड मरत नाही. उलट आलेल्या मालाच्या पंख्यामागच्या अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी, ब्रॅकेटच्या स्क्रूवर हिरवट डाग किंवा स्क्रूच्या खाचेत गाळ दिसला, तर तो माल तुमच्या घरी येण्याआधीच दमट जागेत राहिला आहे किंवा पाण्यातून निघाला आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकरांना हा गाळ वेगळा सांगायला नको.

बिलाचंही तेच. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने, आणि तो जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर मोफत तपासता येतो. या बिलावरचा क्रमांक खरा होता, फक्त तो एका साड्यांच्या दुकानाचा निघाला, तोही रद्द झालेला. दोन मिनिटांचं काम, पण ते पैसे गेल्यावर झालं.

पार्सल फोडताना लेबल, सहाही बाजू आणि सिरियल नंबर एकाच सलग व्हिडिओत घ्या, मध्ये कुठेही न थांबवता. फसलाच असाल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा, cybercrime पोर्टलवर तक्रार आणि बँकेला लेखी अर्ज द्या. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत पसरतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९ च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क नाही. चॅटचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. विक्रेता मेसेज डिलीट करतो.

या मुलाला रायझरचे पैसे परत मिळाले. एसएमपीएस त्याने नवा घेतला. कार्डाच्या मेमरीचा वेग आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये ५०० मेगाहर्ट्झने खाली उतरवून ठेवला आहे. तेवढ्यावर रंगीत चौकोन सध्या तरी येत नाहीत.