पीएचक्यू-९: चाळणी चांगली, पण बेरजेवर विसंबू नका

नैराश्याची प्राथमिक तपासणी करायला दवाखान्यांत सर्रास वापरतात ती ही एकपानी प्रश्नावली. अमेरिकेत स्पिट्झर, विल्यम्स आणि क्रोंके यांनी बनवली, पैसा फायझर कंपनीचा. फुकट आहे, झेरॉक्स काढायला कुणाची परवानगी लागत नाही, मराठीतही मिळते. चाळणी म्हणून पाचपैकी चार तारे. निदान म्हणून वापरणार असाल तर एकही नाही.

गेल्या दोन आठवड्यांतल्या नऊ तक्रारी विचारायच्या, प्रत्येकीला ० ते ३ गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले की नीट तपासायचं. २००१ च्या मूळ अभ्यासात या आकड्याने नैराश्य असलेल्यांपैकी ८८ टक्के लोक पकडले आणि नसलेल्यांपैकी ८८ टक्के बरोबर वगळले. पण ते अमेरिकी दवाखान्यांत.

खरा घोळ बेरजेत आहे. झोप ३, थकवा ३, भूक २, लक्ष न लागणं २. झाले दहा! आणि ‘कशात रस वाटत नाही’, ‘उदास वाटतं’ हे पहिले दोन्ही प्रश्न शून्यावर. रात्रपाळीचा कामगार, ओली बाळंतीण, रक्त कमी असलेली किंवा थायरॉईड बिघडलेली बाई, कुणाचेही एवढे गुण होतील. निदानाला मात्र पाच लक्षणं निम्म्याहून जास्त दिवस लागतात आणि त्यांत पहिल्या दोनांपैकी एक असावंच लागतं. तेव्हा आधी त्या दोन ओळी बघा, हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करून घ्या, बेरीज मग.

उलटंही होतं, नैराश्य असून गुण कमी येतात. ‘उदास वाटतं का?’ म्हटलं की ‘छे, तसलं काही नाही’ असं उत्तर येतं आणि लगेच पुढे ‘अंगात त्राणच नाही हो’. गोव्यातल्या अभ्यासांत अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांमध्ये नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण जास्त दिसलं होतं. अशा वेळी भिशीला गेलात का, मालिकेत मन लागतं का, असं विचारावं. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना तर फॉर्म भरूच नये. ‘कधी कधी’ हे उत्तरही घेऊ नका, चौदातले किती दिवस ते विचारा: २ ते ६ ला एक गुण, ७ ते ११ ला दोन, १२ ते १४ ला तीन.

घरात कुणी गेलं का, हा प्रश्न या कागदावर नाहीच. सुतकात घास उतरत नाही, झोप लागत नाही. गुण पंधरापर्यंत सहज जातात. पण शोकातलं दुःख लाटेसारखं येतं, मधेच गेलेल्या माणसाची गंमत सांगताना हसूही येतं. ‘शेवटचं भेटायला हवं होतं’ ही हळहळ शोकातली, ‘मी जगायच्याच लायकीचा नाही’ हे नैराश्याकडे झुकणारं. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, लांबलेल्या शोकाच्या आजाराला किमान सहा महिने लागतात, शिवाय तो त्या माणसाच्या समाजात चालतं त्याहून स्पष्टपणे जास्त असावा लागतो. हे कागद सांगणार नाही. घरातल्या जाणत्याला विचारा, ‘तुमच्यात एवढं चालतं, की यांचं जरा जास्तच झालंय?’

या बाबतीत झिम्बाब्वेची, तिथल्या शोना भाषेतली चौदा प्रश्नांची प्रश्नावली उजवी वाटते. स्थानिक लोक त्रास कसा सांगतात ते आधी ऐकून ती बांधली. ‘फार विचार करणं’ तिथे थेट विचारतात, उत्तर फक्त हो किंवा नाही. तिथली राजधानी हरारेत ‘फ्रेंडशिप बेंच’ नावाच्या बाकांवर बसून लोकांचं ऐकून घेणाऱ्या, शिकवून तयार केलेल्या आज्या तीच वापरतात.

पीएचक्यूच्या तळाशी दहावा प्रश्न असतो: या त्रासामुळे काम, घर, माणसं सांभाळणं किती अवघड झालं? त्याला गुण नाहीत म्हणून सगळे तो गाळतात. ताण आणि आजार वेगळे करायला आम्हाला तोच जास्त उपयोगी वाटतो. गुण बारा, पण माणूस रोज दुकान उघडतोय, तर दोन आठवड्यांनी पुन्हा भरून घ्या. परीक्षा, लग्नघर, बदली असला ताण कारण सरलं की बहुधा उतरतो. पाच गुणांची घट खरी मानायची.

नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचाराला, शून्याव्यतिरिक्त काहीही आलं तर बेरजेची वाट बघू नका. काही ठरवलंय का, हे सरळ विचारा, घरातलं कीटकनाशक हलवायला सांगा, माणसाला एकटं सोडू नका आणि तिथल्या तिथे टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावून द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.