स्टिकर जेट स्कीचा, बॅटरी यूपीएसची

मालवणजवळच्या देवबागच्या किनाऱ्यावर माझी एक जेट स्की, म्हणजे पाण्यावरची स्कूटर, चालते. सेकंडहँड घेतलेली, हप्ते अजून फिटायचेत. पावसाळ्यात वॉटर स्पोर्ट्स बंद, तेव्हा ती शेडमध्ये ताडपत्रीखाली. यंदा बॅटरी काढून ठेवायचा आळस केला आणि सप्टेंबरात मीटर लावला तर १०.४ व्होल्ट. दोन दिवस चार्जिंगला ठेवली, पण रात्री काढली की सकाळी पुन्हा तिथेच. म्हणजे गेली.

बॅटरी बदलायला मी मेकॅनिक बोलावत नाही. सीट काढायची, आधी मायनसची वायर सोडायची, मग प्लसची, रबरी पट्टा काढून बॅटरी उचलायची. बसवताना आधी प्लस. अर्ध्या तासाचं काम. माती खाल्ली ती खरेदीत.

माझ्या गाडीला वायटीएक्स२०एल नंबरची लागते, १२ व्होल्ट, १८ अँपिअर-अवर. पणजीत विचारलं तर साडेदहा हजार. त्याच रात्री मोबाइलवर जाहिरात दिसली: तीच बॅटरी, 'सीलपॅक', सहा हजार दोनशे. फोन लावला. माणूस गोडबोल्या. "दादा, दुकान बंद करतोय, शेवटचे दोनच पीस उरलेत." व्हिडिओही पाठवला. पांढऱ्या लादीवर बॅटरी, मीटरवर १२.९, स्टिकरवर नंबर ठळक. बिल मागितलं, तर "पार्सलमध्ये टाकतो ना." मी यूपीआयने सगळे पैसे आधी देऊन मोकळा. हे लिहितानाही कान गरम होतात.

तिसऱ्या दिवशी मुंबईच्या लक्झरीच्या डिकीतून पार्सल खरंच आलं आणि उरलीसुरली शंकाही गेली. फसवणारा काही पाठवतच नाही, अशी माझी समजूत.

बिल नव्हतं. बॅटरी जागेवर ठेवली तर बाजूला बोटभर फट, आणि उंची जास्त म्हणून पट्टा हुकात जाईना. मी काय करावं? फटीत जुन्या ट्यूबचा तुकडा घडी घालून कोंबला, पट्टा पक्कडीने ओढून अडकवला आणि बटण दाबलं. इंजिन सुरू! पाण्याबाहेर जास्त चालवता येत नाही, म्हणून ट्रॉलीवरच तीनदा, पाच-पाच सेकंद. मी खूश.

दिवाळीच्या गर्दीत, चौथ्या की पाचव्या फेरीला, गिऱ्हाईक वळणावर पाण्यात पडलं. मनगटाची दोरी निघाली की इंजिन बंद पडतं, तसं पडलं. त्याला वर घेतलं, दोरी लावली, बटण दाबलं. डिस्प्ले पेटला, बीप वाजला, आणि आतून नुसतं टक-टक-टक. ओहोटी लागलेली. संगमावर कर्ली नदीचं पाणी ओहोटीला कसं बाहेर ओढतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. गिऱ्हाईक हसत होतं, त्याला कळलंच नव्हतं. बनाना राइडच्या बोटीने आम्हाला ओढून आणलं. बोटीवरच्या आबांनी सीटखाली एकदा डोकावून पाहिलं नि म्हणाले, "ही बॅटरी नाय रे, नुसतो खोको."

संध्याकाळी मीटर लावून बसलो, मुलाला बटण दाबायला सांगितलं. नुसती असताना १२.६. बटण दाबताच ७.८. चांगली बॅटरी स्टार्ट मारताना साडेनऊच्या खाली जाता कामा नये. मग नखाने स्टिकरचा कोपरा उचलला. खाली आणखी एक छापील मजकूर: 'स्टँडबाय यूज १३.५ ते १३.८ व्होल्ट, इनिशियल करंट ५.४ अँपिअरपेक्षा कमी'. यूपीएसची, म्हणजे वीज गेली की कॉम्प्युटर चालू ठेवणाऱ्या डब्यातली बॅटरी! कुठल्या तरी ऑफिसातल्या कॉम्प्युटरखालून निघालेली, भंगारात किलोवर जाते तसली. तीही १२ व्होल्ट १८ अँपिअर-अवरचीच असते, म्हणून आकडे जुळले. पण ती थोडा थोडा करंट पुरवून पुरवून द्यायला केलेली असते. स्टार्टरला एका दमात भरपूर लागतो. जुनी झालेली असली की दोन-चारदा देते आणि बसते. टेप लावली: रुंदी ७७ मिलिमीटर, उंची १६७. खरीची रुंदी ८७, उंची १५५. ज्या एका सेंटिमीटरने मला ओरडून सांगितलं, त्याच्या तोंडात मी ट्यूब कोंबली होती.

व्हिडिओतला १२.९ मात्र खोटा नव्हता. चार्जरवरून नुकती काढलेली मरायला टेकलेली बॅटरीही तेवढं दाखवते. व्हिडिओ मागायचाच असेल तर स्टार्ट मारतानाचा मागा, आणि शेजारी मोजपट्टी ठेवायला सांगा. नवी असेल तर तो कशाला नाही म्हणेल?

त्याचा फोन बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. लगेच कळवलं तर पैसे खात्यात अडवता येतात. मी कळवलं तेव्हा तीन आठवडे उलटले होते. जाहिरात काढून टाकली गेली, आणि आठवड्याने दुसऱ्या नावाने तीच परत. लादी तीच, मीटरही तोच.

शेवटी पणजीचीच आणली, पक्क्या बिलावर. ॲसिडची बाटली वेगळी आली. सहाही कप्पे भरले, तासभर तशीच ठेवली, मग १.८ अँपिअरवर रात्रभर शेडमध्ये चार्ज केली, गाडीच्या बाहेरच, कारण आत पेट्रोलची वाफ असते. सकाळी बसवली. पट्टा हाताने ओढला, हुकात गेला. पक्कड लागली नाही.