रेशमी लग्नाचा ड्रेस: पुतळ्यावर की पेटीत?

संग्रहालयातला जुना कुत्यूर (एकेकीच्या मापाने हाताने शिवलेला उंची) लग्नाचा ड्रेस पुतळ्यावर चढवला की त्याची खरी शान कळते. कमरेची बारीक घडण, मागे पसरलेला घोळ, सॅटिनवरून सरकणारा उजेड, हे आडव्या कापडात दिसत नाही. हॉलिवूडची अभिनेत्री ग्रेस केली हिचा १९५६ चा लग्नाचा ड्रेस त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयाला मिळाला. असा ड्रेस उभाच पाहावासा वाटणं अगदी साहजिक आहे.

पण त्याची किंमत रेशीम मोजतं. पुतळ्यावर बराचसा भार खांद्यांच्या शिवणींवर येतो. उजेडाने झालेली झीज तर कधीच भरून निघत नाही, म्हणून अशा दालनात प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास, म्हणजे मंदच ठेवतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कथिलाच्या क्षारांनी जड केलेलं रेशीम सगळ्यात हळवं: नुसत्या घडीवरही चिरा पडतात, हात लागला की धागे तुटतात.

पेटीत आडवा ठेवून बाह्यांत आणि घड्यांत आम्लविरहित कागदाच्या गुंडाळ्या भरल्या की हा ताण जातो. १९३० च्या दशकातले तिरप्या कापाचे (कापड धाग्यांना तिरपं कापून शिवलेले) ड्रेस तर आडवेच हवेत; टांगले की लोंबून लांबतात.

माझा कौल पेटीला. धडधाकट ड्रेस काही महिने बाहेर काढावा, मग वर्षानुवर्षं विश्रांती द्यावी. जड केलेल्या रेशमाला मात्र पुतळा नकोच.